दाराला दुसरा हात

मिनेसोटा, अमेरिका
२ सप्टेंबर २००२

प्रिय आज्जीस, निशाचा जय भीम.

फोनच करणार होते. पण डेअरीत फोन लावला की तुला बोलवायला कुणीतरी बुद्धवाड्यात जाणार, तू येईपर्यंत लाइन तुटणार, आणि आलीस तरी दूध घालायला आलेली सगळी रांग कान देऊन उभी. मग तू नुसतं ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणतेस. म्हणून पत्र.

बातमी अशी की जानेवारीत मी मळेवाडीला येतेय आणि एकटी नाही. आमच्या विद्यापीठातली मुलं अभ्यासाचा भाग म्हणून परदेशात जाऊन राहतात. सहल नव्हे. तिथल्या घरात राहायचं, तिथली कामं बघायची, रोज वही लिहायची, परत आल्यावर त्याचे गुण मिळतात. इतकी वर्षं ती रोमला जायची, लंडनला जायची. यंदा मी म्हटलं, माझ्या गावाला नेते. ऊस कसा तुटतो, गावाचं दूध एका ठिकाणी कसं जमतं, धरणाचं पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे पुस्तकाबाहेर बघू देत. बिद्रीचा कारखाना, राधानगरीचं धरण, आणि मुक्काम आपल्या गावात. बारा मुलं-मुली, तीन आठवडे.

गेलं वर्षभर याच कामात आहे. विमा, लसी, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला कुत्र्याची भीती, रात्री कुणी आजारी पडलं तर गाडी कुठून, डॉक्टर कोण. बारा आईबापांच्या सह्या माझ्याकडे आहेत. हे नीट पार पडलं तर माझी इथली नोकरी पक्की होईल. बिघडलं तर पुन्हा असं काही मला कुणी करू देणार नाही.

मुलं ज्या घरांत राहतील ती घरं डेअरीचे चेअरमन आकारामदादा ठरवून देणार आहेत. तरी तू सांग, गावात कुणाचं घर चांगलं?

तुझी,
निशा

मळेवाडी
२४ सप्टेंबर २००२

निशास आज्जीचा जय भीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचून घेतलं. वाचणारी आणि हे लिहिणारी संयोगिता. आपल्या वाड्यातल्या अंगणवाडीची बाई. पोरं घरी गेली की माझ्या कट्ट्यावर बसून लिहिती. आधीची लिहिणारी लग्न होऊन गेली. ही आकारामाची थोरली सून हाय, हे तुला आधीच सांगून ठेवते. पण सासऱ्याला काय सांगत न्हाय. सांगितलं तर मला नवी बघावी लागंल आणि हिच्याइतकं अक्षर चांगलं कुणाचं न्हाय, असं ती सोताच म्हणती. माझं बोलणं ती पाखडून लिहिती. दोनचार शिव्या सुपाच्या भायर पडल्या असतील, तेवढ्या तू उचलून घे.

आता तुझ्या बारा पोरांचं. तू लहानपणी तीन शेळ्या घेऊन माळाला गेलीस आणि दोन घेऊन आलीस. तिसरी मागनं आपली आपण आली. तुझ्या हाताखाली बारा लेकरं देणाऱ्या आईबापास्नी हे सांगितलंस का?

घर कुणाचं चांगलं म्हणून विचारलंस. माझं. सारवलेलं हाय, कौलं नवी हायत, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती हाय, अंगणात उजेड हाय. कुत्रं न्हाय. शेंगदाणा न्हाय घालणार. खाट एक हाय ती पावणीला, मी खाली निजंन. मला एकच पोरगी दे. बनाबाईला एक दे, झुंबरबाईला एक दे. बाकी नऊ जा म्हणावं आकारामाकडं दूध प्यायला.

गावात येणार म्हणतीस, तर आपला वाडा गावातच हाय, निशा. वढ्याच्या अलीकडंच हाय.

तुझी आज्जी
(अंगठा द्यायचा म्हणत होते. संयोगिता म्हणाली, पत्राला लागत न्हाय.)

मिनेसोटा
१५ ऑक्टोबर २००२

प्रिय आज्जी,

शेळी परत आली होती हे तूच लिहिलंस, तेव्हा बारापैकी एखादं हरवलं तरी येईल.

तुझ्या घराचं माझ्या मनात नव्हतं असं समजू नकोस. पण विद्यापीठाची एक अट आहे आणि ती मोडता येत नाही. जिथं मूल राहणार त्या घराला स्वतःचा संडास हवा. आपल्या वाड्यात एकाही घराला नाही. ओढ्याकडे जाणं मी त्यांना सांगू शकत नाही. विम्यावाले ऐकणार नाहीत, आईबाप तर नाहीतच. आकारामदादांनी आठ घरांची नावं पाठवलीत. आठही घरांत संडास आहे, उकळलेलं पाणी देतील, दोन घरांत फोनसुद्धा आहे.

पण मुलं तुझ्याकडे येणार आहेतच. दुसऱ्या आठवड्यात एक दुपार ‘वस्तीभेट’ म्हणून कार्यक्रमात घातली आहे. तू त्यांच्याशी बोल, मी सांगेन इंग्रजीत. तुझ्याइतकं बोलणारं गावात दुसरं कोण आहे?

थंडीचे मोजे पाठवलेत. घाल. पेटीत ठेवू नकोस.

निशा

मळेवाडी
५ नोव्हेंबर २००२

निशास,

मोजे घातलेत. संयोगिता साक्षीला हाय.

वस्तीभेट म्हंजे काय ते हिनं मला समजावलं. बारा जणं येणार, कट्ट्यावर बसणार, मी बोलणार, ती माना हलवणार, फोटू काढणार आणि दिवे लागायच्या आत पलीकडं जेवायला जाणार. भेट आपण दवाखान्यात पडलेल्या माणसाला देतो. मी अजून हिंडतीफिरती हाय.

पण संडासाचं तुझं बरोबर हाय. मी रागावले न्हाय. तू सहा वर्षांची असताना वढ्याकडं जायला भ्यायचीस. मी कंदील धरून पाठ करून हुभी ऱ्हायची आणि तू दर घडीला ‘आज्जी, हायस का?’ विचारायचीस. हायस का, हायस का. सगळ्या वाड्याला कळायचं निशा कुठं बसलीया.

तर खड्डा खणायला घेतलाय. पिराजी गवंडी करतोय. तो म्हणाला, “म्हातारे, सारा जलम वढ्यावर गेलीस, आता कुणासाठी?” मी म्हटलं, “अमेरिकेहनं माणूस येणार हाय माझ्याकडं.” तो म्हणाला, “मग विलायती बसवू का?” मी म्हटलं, “बसायचं तसंच बसंल. माणूसच हाय की ते.”

तुझा बाप गणपती परवा कसबा बावड्याहनं आला होता. त्यानं खड्डा बघितला आणि काय बोलला न्हाय. कारखान्यात कामाला लागल्यापास्नं तो तसाही कमीच बोलतो, भोंगाच बोलतो सगळं. पण जाताना पिराजीला पत्रा आणून देतो म्हणाला.

तवा अट पुरी होती हाय. माझी पोरगी लिहून ठेव.

आज्जी

मिनेसोटा
२८ नोव्हेंबर २००२

प्रिय आज्जी,

हे पत्र लिहायला दोन वेळा बसले आणि उठले. संयोगितावहिनी हे वाचून दाखवणार, हे ठाऊक असूनही लिहिते. वहिनी, एकही ओळ गाळू नका.

तुझा संडास होतोय हे कळल्यावर मी आकारामदादांना फोन केला. म्हटलं, आता नववं घर बायडाबाईचं, माझ्या आज्जीचं. ते म्हणाले, “निशाताई, आमच्यात काय भेदभाव ऱ्हायला न्हाई. पण पोरं एकमेकांच्या घरी उठबस करणार, पार चुलीपर्यंत येणार. एक तिकडं जेवून इकडं आली, तर आमच्या बाया काय म्हणतील ते मी कसं सांगू? जुन्या बाया हायत. आठ घरं गोळा करताना माझी दमछाक झालीया. उगंच नववं घालून आठ घालवू नका.”

मी चिडले. बोलले. पण फोन ठेवल्यावर समोर बारा जणांची तिकिटं होती. मुलांनी सुट्टीत कामं करून ती काढलीत. आठ घरं गेली तर त्यांना कोल्हापुरात लॉजमध्ये ठेवून रोज गाडीनं गाव दाखवायला आणायचं, म्हणजे ते शिकणं नाहीच. आणि माझ्या वरिष्ठांनी आधीच विचारलंय, इतक्या लांब, इतक्या आडगावात, कशासाठी?

मी त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून ‘बरं’ म्हटलं.

मुलांच्या जवळ राहणं ही प्रमुखाची जबाबदारी असते. त्यामुळे माझीही सोय आकारामदादांच्या माडीवर केली आहे. वस्तीभेटीची दुपार मी दुप्पट लांब केली आहे.

तुला काय म्हणायचं ते म्हण. मी ऐकेन.

निशा

मळेवाडी
१५ डिसेंबर २००२

निशास,

पत्र पोचलं. संयोगितानं सगळं वाचलं, एक ओळ गाळली न्हाय. वाचताना तिचा आवाज बसला. थंडी हाय.

संडास पुरा झाला. दाराला निळा रंग दिलाय. एकच हात पुरला.

ये.

आज्जी

(ताई, सासऱ्यांना मी काही बोलले नाही. आज्जींनी काही म्हणायचं नाही असं ठरवलंय. त्या गप्प बसल्या की अंगणवाडीतली पोरंही गप्प होतात. – संयोगिता)

मिनेसोटा
९ फेब्रुवारी २००३

प्रिय आज्जी,

सगळे सुखरूप परत आलो. बारांतली ती रूथ, तिच्या वडिलांच्या मातीला मी गेले होते. तिच्या आईला तुझं नाव ठाऊक होतं. ‘बायडाबाई’ असं अगदी नीट म्हणाली.

आता तुझ्याकडे एक काम आहे. अशा वेळी काय घडलं, मुलीला कुणी सांभाळलं, याचा अहवाल मला विद्यापीठाला द्यायचा आहे. आणि मला ते दोन दिवस माहीतच नाहीत. मी बाकीच्या अकरा जणांना घेऊन राधानगरीला धरणावर गेले होते. रूथचं पोट बिघडलं होतं म्हणून तिला आकारामदादांच्या घरी ठेवलं. तिकडे जंगलात फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तेव्हा कळलं, तिचे वडील हार्ट अटॅकनं गेले, आणि रूथ आकारामदादांच्या घरी नसून तुझ्या घरी आहे. उरलेले दिवस सोडून पहाटे तिला आणि बाकीच्या सगळ्यांनाही घेऊन मुंबईला निघाले. विचारायला वेळच मिळाला नाही. विमानात ती बहुतेक झोपून होती. उठली तेव्हा एवढंच म्हणाली, “मी दार रंगवलं.”

ती तुझ्याकडे कशी आली? कुणी आणलं? तिनं काय खाल्लं? मला सगळं सांग. अहवालासाठी म्हणून नव्हे, मलाच कळायला हवं.

वरिष्ठांचं म्हणणं पडलंय की यापुढे मुलांना घराघरांत ठेवायची जोखीम घेऊ नये. हॉटेल बरं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

निशा

मळेवाडी
१ मार्च २००३

निशास आज्जीचा जय भीम.

विचारलंस तर सांगते. लांब हाय. संयोगितानं दोन पेन आणलेत.

सकाळी डेअरीच्या फोनवर तुमच्या हापिसातनं निरोप आला. फोन घेतला सम्राटनं, हिच्या नवऱ्यानं, त्याला इंग्लिश येतं. त्यानं रुताला सांगितलं. (तुम्ही रूथ म्हणा, मी रुता म्हणते, ती दोन्हीला वळून बघायची.) पोरगी रडली न्हाय. माडीच्या पायरीवर बसली ती बसलीच.

आता अडचण अशी की त्याच दिवशी आकारामाच्या घरी सत्यनारायण होता. नव्या गोठ्याचा. भटजी सांगितलेला, शिऱ्याचा रवा भाजायला घेतलेला, निम्म्या गावाला बोलावणं. आणि घरात बाप मेलेली पोरगी. तिला सुतक, मग पूजा कशी मांडायची? बाया माजघरात कुजबुजाय लागल्या. एकजण म्हणाली, परमुलखातल्या माणसाचं सुतक कुठं लागतंय. दुसरी म्हणाली, बाप तो बापच की. धोंडुबाई, हिची सासू, मधी नुसती हुभी. तिला पोरीचं वाईट वाटत होतं ते खोटं न्हवतं. दोन आठवडे तिनं तिला हातानं वाढलंय. पण पूजाही मोडवंना. दुसऱ्या कुणाच्या घरी न्यावी, तर बाकीच्या सात घरांतबी देव हायतच की. शेवटी हीच, माझी लिहिणारी, बोलली. म्हणाली, “बुद्धवाड्यात सुतक पाळत न्हाईत.”

(आज्जी, हे लिहायलाच हवं का? – सं.)

लिव्ह.

तर आकाराम सोता घेऊन आला. वढा वलांडून. मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बारीक आवाजात म्हणाला, “मावशी, पोरीचा बाप वारला. निशाताई येईपतोर तुमच्याकडं ठेवाल का?” साठ वर्षं मी ह्या गावात हाय. त्याच्या बापाच्या तोंडनं ‘ए बायडे’ ऐकलंय, त्याच्या तोंडनं ‘म्हातारे’ ऐकलंय. मावशी पैल्यांदा. मनात आलं, विचारावं, का रं, चुलीचं काय झालं? पण पोरगी मागं हुभी होती, हातात पिशवी, पायात एकच मोजा. म्हटलं, “ये बाई.”

बघ निशा, संडास बांधून माझ्या घरी पावणी आली न्हाय. विटाळानं आली.

तिला मी काय बोलणार? तिची भाषा मला न्हाय, माझी तिला थोडी. सूप दिलं आणि तांदूळ दिले निवडायला. दुपारभर निवडत बसली. एक खडा मिळाला की माझ्या हातावर ठेवायची. बनाबाई, झुंबरबाई भाकरी-पिठलं घेऊन आल्या. ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरी चूल पेटत न्हाय, कडू घास शेजारणीनं भरवायचा. तिची चूल लांब पडली, पण शेजारणी आम्हीच. ती खाईना. बनाबाई म्हणाली, “असू दे, उद्या खाईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई आली. डबा पदराखाली. अंगणात आली आणि उंबऱ्याशी थांबली. मी चुलीपाशी. ती म्हणाली, “माझ्या हातचं खाल्लंय तिनं. घास मीच द्यायला पायजे.” मी म्हटलं, “दार उघडंच हाय.” मग तिनं चपला काढल्या आणि आत आली. रुताच्या पुढ्यात बसली, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तोंडाशी धरली. पोरीनं तोंड उघडलं. पैला घास आत गेला आणि मग रडली. असली रडली की शेळी बांधल्या जागी हुभी ऱ्हायली. धोंडुबाई तिला धरून बसली आणि तिच्याबरोबर रडली. तिचाबी बाप आठवला असंल, तो ऊसतोडीत गाडीखाली गेलता.

घास भरवणाऱ्यानंबी बरोबर खायचा असतो, ती चाल तिला ठाऊक, मला ठाऊक. डब्यातलं तिनं खाल्लं. मग ठसका लागला. पाणी माझ्या कळशीतलंच. मी तांब्या भरला आणि पुढं न धरता जमिनीवर ठेवला. घ्यायचं का न्हाय ते तिचं तिनं बघावं. तिनं घेतला.

हितं संयोगिताचा पेन थांबलाय. मी थांबते.

तेवढंच झालं. गाव बदललं असं तुझ्या अहवालात लिहू नकोस. धोंडुबाई पाणी प्याली, डबा घेऊन गेली. त्यानंतर वाटंत दिसली की थांबती, बोलती. घरी बोलावलेलं न्हाय. मीबी गेलेली न्हाय.

दुपारी रुता संडासाला गेली आणि बराच वेळ भायर आली न्हाय. बघते तर दारापाशी हुभी, रंगावरनं हात फिरवती. संयोगिताचं इंग्लिश आणि तिचं मराठी, दोन्ही लंगडी, पण बरोबरीनं चालली. कळलं ते असं की तिचा बाप घरं रंगवायचा. सुट्टीत तीबी जायची बरोबर. तो म्हणायचा, एका हातात लाकूड दिसतंय, दुसरा हात मारल्याशिवाय घरवाल्याला दार दाखवायचं न्हाय. माझ्या दाराला एकच हात होता. पिराजीकडं रंगाचा डबा आणाय माणूस धाडला. तिनं आधी कागदानं घासलं, मग रंगवलं. वरनं खाली, एका दमात, थेंब न सांडता. झुंबरबाई म्हणाली, “बाप शिकवून गेला.” जगात कुणी बापाचं कार्य संडासाच्या दारावर केलं नसंल. पण झालं ते चांगलं झालं.

हे सगळं तुझ्या अहवालाला. आता अहवालात न घालायचं.

तू सांजचं आलीस. धावत आलीस, घाबरी होतीस, मी बघितलं. रुताला पोटाशी धरलंस. माझ्याशी बोललीस, गाडीचं ठरवलंस, पासपोर्ट बघितलास. सगळं केलंस. चपला काढल्या न्हाईस. आणि मग म्हणालीस, “आज्जी, तिला आजची रात हितंच ऱ्हाऊ दे, मला अकरा जणांकडं जायला पायजे.” आणि गेलीस माडीवर.

बरोबरच केलंस. अकरा लेकरं हायत तुझ्या हवाली. पण मी खाली निजले आणि तुझी पोरगी माझ्या खाटेवर, आणि मला वाटलं, ही आली, जिला आणायचं होतं ती न्हाय आली. कॉलेजात गेल्यापास्नं मळेवाडीला येतीस ती दिवसा येतीस आणि निजायला बापाकडं बावड्याला जातीस. मी कधी विचारलं न्हाय. वढ्याचं भ्या असंल म्हटलं. तुला आकारामाच्या माडीवर चालवून घेतात, तू विमानानं येतीस म्हणून. मला त्याचा राग न्हाय, चालवून घेतात तर घेऊ देत. पण खड्डा मी त्या पोरीसाठी खणला न्हवता, निशा. पिराजीला म्हटलं होतं, अमेरिकेहनं माणूस येणार हाय. तुला वाटलं तुझ्या बारातलं.

आज्जी

मिनेसोटा
३० मार्च २००३

प्रिय आज्जी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला वर्ग होता. मी गेले नाही.

ओढ्याची भीती दहाव्या वर्षीच गेली होती. त्यानंतर मी बावड्याला झोपायला जायचे ते मैत्रिणींना सांगता यावं म्हणून, की घर बावड्याला आहे. नंतर तशी सवय झाली. यापेक्षा जास्त मला नीट लिहिता येत नाही.

वरिष्ठांना उत्तर दिलं. त्यांनी हॉटेल म्हटलं, मी नाही म्हटलं. रूथ माझ्याबरोबर आली होती त्या बैठकीला. तिनं त्यांना विचारलं, हॉटेलात मला घास कुणी दिला असता? त्यांनी होकार दिलेला नाही. म्हणाले, थोडीच मुलं ने, आणि प्रत्येक घर आधी जाऊन स्वतः बघून ये, मग पाहू. मी जूनमध्ये येतेय, एकटीच. आकारामदादांना कळवलंय की या वेळी घरं मी ठरवणार, आणि पहिली घरं बुद्धवाड्यातली. त्यांना त्यांची आठ घालवायची असतील तर घालवू देत. ते अजून काही बोललेले नाहीत.

पाहणीचा कागद करताना पहिल्या ओळीत ‘प्रमुखाचा मुक्काम’ असा रकाना असतो. तिथं मी लिहिलंय: बायडाबाई, बुद्धवाडा, मळेवाडी.

आज्जी, हायस का?

निशा

मळेवाडी
२० एप्रिल २००३

निशास,

हाय.

बनाबाईनं खड्डा खणायला घेतलाय, झुंबरबाई म्हणती पावसाळ्याआधी मीबी घेते. पिराजी म्हणतो, बुद्धवाड्यात त्याला कधी इतकं काम न्हवतं. आकाराम काय बोलला न्हाय ते बरं हाय, तो गप्प बसला की इचार करतो. परवा सम्राट येऊन खाट बघून गेला, दोरी ढिली पडली होती ती ताणून दिली. कुणी धाडला ते सांगितलं न्हाय. हे लिहिताना संयोगिता खाली बघून हसती हाय, ते मी बघितलं.

जूनमधी वढ्याला पाणी असंल, वढ्यात न उतरता माळाच्या बाजूनं ये. भाकरी हितं गरम मिळती, जेवून येऊ नकोस.

आणि एक. रुतानं दार भायरनं रंगवलं. आतनं अजून कोरं लाकूड हाय. डबा झाकून ठेवलाय. पिराजी दोनदा विचारून गेला, रंगवू का. मी त्याला हात लावू दिला न्हाय.

चपला अंगणात काढ.

तुझी आज्जी